रिकामे पिंप आणि उकळते भांडे

घासलेटचा डबा रिकामा झाला की टाकून द्यावयाचा, ही कल्पना आपल्या मुलखात कोणाला सुचलीच नाही. वरचा पत्रा कापून आडवी दांडी ठोकली की त्याची बादली होई. कोणी त्यात दाणे भरून ठेवी, कोणी तुळस लावी. आणि गंजून चाळण झाला तरी उलगडून छपराच्या भोकावर ठिगळ म्हणून त्याची आणखी चार वर्षे नोकरी होई. डब्यानंतर २०० लिटरचे लोखंडी पिंप आले. डांबराचे, तेलाचे, रसायनांचे. कर्जत तालुका पडला पर्जन्यछायेचा. उन्हाळ्यात टँकर येणार अशी वार्ता लागताच मिरजगावसारख्या गावी दारोदार पिंपांची रांग लागते. त्यातले कोणते पूर्वी कशाचे होते, हे पाणी भरताना कोणी विचारीत नाही. आजचा विषय त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवतीच आहे, जरी त्याचे नाव ऐकून काही भुवया वर जातील.

विषय असा: बिअरचे वापरलेले पिंप कापून त्याचे उकळण्याचे भांडे कसे करतात. अमेरिकेत आणि इंग्लंडात हा हौशी लोकांचा उद्योग आहे. इंग्लंडात घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केलेल्या कायद्याने प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, आणि दोन प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करण्यास केंद्र सरकारचा कर माफ झाला. मग भांड्याची अडचण उभी राहिली. कारखान्याची भांडी हजारो लिटरची, स्वयंपाकघरातले पातेले पाचदहा लिटरचे. मधल्या मापाचे, मजबूत, न गंजणारे भांडे हवे; आणि ते दारूच्या दुकानामागे रिकामे पडलेले लोकांस दिसले.

मद्याशी ज्यांना कर्तव्य नाही त्यांनी उठून जाण्याचे कारण नाही. भांड्याची विद्या दुधाला, पाण्याला, जनावरांच्या आंबोणाला सारखीच लागू आहे. तरी बिअर उकळतात कशासाठी, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. जव भिजवून मोड आणतात, वाळवून भरडतात, आणि साधारण ६५ अंशांच्या कढत पाण्यात तासभर मुरू देतात. मोडाच्या अंगच्या पाचकद्रव्यांनी पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून घेतात आणि हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तास-दीड तास खळखळा उकळतात. मग निववून त्यात यीस्ट घालतात, आणि त्यापुढे काही दिवसांत मद्यार्क तयार होतो. म्हणजे उकळताना बिअरमध्ये मद्य नसतेच. हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे हातभट्टीची गोष्ट निघेल तेव्हा तो कामास येईल.

आता ते पिंप. युरोपातले मोठे पिंप ५० लिटरचे, अमेरिकेतले साडेपंधरा गॅलनचे, म्हणजे सुमारे ५९ लिटरचे. रिकामे असता वजन दहाबारा किलो. आज बहुतेक पिंपे स्टेनलेस पोलादाची असतात: शंभरात अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकेल, बाकी बहुतेक लोखंड. दूध संकलन केंद्रावरच्या टाक्या याच जातीच्या. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा एक पापुद्रा धरतो, आणि तो खरचटला तर स्वच्छ जागी आपला आपण पुन्हा धरतो. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लावणारा माणूस दारावर येई, ती कल्हई हे पोलाद जणू स्वतःच स्वतःला लावून घेते. काही पिंपे, विशेषतः जुनी, ॲल्युमिनियमची असतात. ती उचलताच हलकी लागतात. त्यांना कॉस्टिक सोडा दाखवू नये. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो.

पिंपाला तोंड एकच, वरच्या बाजूस, दोन इंचांच्या आसपास. त्यात एक झडप आणि झडपेला जोडून थेट तळापर्यंत गेलेली नळी. बाहेरून वायू सोडला की तो बिअरवर दाब देतो आणि बिअर नळीतून वर चढते. या दाबातच खरा धोका आहे. पिंप रिकामे वाटले तरी आत वायू कोंडलेला असतो. तशा स्थितीत झडपेचे कडे काढले तर नळीसकट ती झडप बंदुकीच्या गोळीसारखी वर उडते. वर वाकलेल्या माणसाचे तोंड तेथे असेल तर पुढचे सांगण्याची गरज नाही. म्हणून पहिले काम कापण्याचे नव्हे. पिंप उघड्यावर न्यावे, तोंड बाजूला ठेवावे, झडपेचा मधला भाग फडक्याआडून लोखंडी सळईने दाबून धरावा आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत दाबून ठेवावा. मग पुन्हा एकदा दाबून पाहावा. त्यानंतरच कडे काढून नळी उपसावी आणि आतून गरम पाण्याने धुवावे.

त्याच्याही आधीचा एक प्रश्न, पिंप कोणाचे? आपल्याकडे सोड्याची बाटली परत करावी लागे, तसेच हे. पिंप सहसा कारखान्याच्या मालकीचे असते. ग्राहक अनामत ठेवून नेतो. अमेरिकेत पुष्कळांना वाटते की अनामत सोडून दिली म्हणजे पिंप आपले झाले. तसे होत नाही. अनामत ही किंमत नव्हे. प्रामाणिक हौशी माणूस कारखान्याने मोडीत काढलेले पिंप पावती घेऊन विकत घेतो. पिंपावर नाव कोरलेले असते, त्यामुळे पावती नसेल तर ते पिंप दारात आलेल्या कोणालाही आपली हकीकत सांगेल.

कापण्याचे काम गावातला कोणताही चांगला फॅब्रिकेशनवाला करील, पण त्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. वरच्या घुमटावर सुमारे बारा इंच व्यासाचे वर्तुळ आखून ग्राइंडरने कापावयाचे असते. बारा इंच अशासाठी की बाजारात मिळणारे झाकण त्यावर बसावे आणि हात आत जाऊन भांडे घासता यावे. एरवी साध्या लोखंडावर चालवलेली चकती येथे वापरू नये. लोखंडाचे कण पोलादात रुततात आणि महिन्याभरात तेथे तांबेरा धरतो; मग माणसे म्हणतात की स्टेनलेस नकली निघाले. दुसरी गोष्ट तोटीच्या भोकाची. भोक कडेला, तळाच्या सांध्याच्या जरा वर पाडावयाचे. अर्ध्या इंची तोटीला साधारण २१-२२ मिलिमीटरचे भोक लागते. ड्रिल हळू फिरवावे, तेल सोडावे आणि जोर धरावा. हे पोलाद नुसते घासले की तेथल्या तेथे कडक होते; घाईने भरधाव ड्रिल लावणाऱ्याची तीन पाती जातात आणि भोक पडत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, हे सांगावे लागते यातच आपली कामाची रीत दिसून येते.

तोटी बसविण्याचे दोन मार्ग. एक, आतून-बाहेरून नट आणि मध्ये सिलिकोनचा वायसर. हे कोणालाही जमते आणि धुताना सुटे करता येते. दुसरा, आर्गन वेल्डिंग. ते करावयाचे तर सांध्याच्या मागच्या बाजूसही आर्गन सोडला पाहिजे. नाही तर आत काळी खरबरीत साखर धरल्यासारखा सांधा होतो, आणि अशा खरबरीत जागी घाण बसली की ती ब्रशाने निघत नाही. दुधाच्या धंद्यातल्या लोकांना हे सांगणे नको. सगळे झाल्यावर कड कानसीने मऊ करून, भांडे साबणाने धुऊन, किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व कढत पाण्यात विरघळवून आतून फिरवावे. रुतलेले लोखंड त्याने सुटते आणि तो न दिसणारा पापुद्रा नीट धरतो. तोटीतून शेवटचे दोनचार लिटर येत नाहीत, म्हणून आतून तळाकडे वळवलेली एक आखूड नळी जोडतात.

आपल्याकडच्या वाचकाला येथे अंघोळीचा तांब्याचा बंब आठवल्यावाचून राहणार नाही. तोटी तीच, उकळणे तेच. पण बंबाने एक गोष्ट फार हुशारीने साधलेली होती: विस्तवाची नळी पाण्याच्या मधून नेलेली, त्यामुळे चार लाकडांत पाणी कढत. शिवाय तांबे उष्णता वाहून नेण्यात या पोलादाच्या पंचवीसपट सरस. पोलादी पिंपाच्या बुडाशी जेथे ज्योत लागते तेथेच उष्णता साचते. पाण्याला त्याचे काही वाटत नाही. दूध मात्र तेथे करपते. खव्यासाठी पसरट कढई आणि सतत फिरणारा उलथनाच हवा, पिंप नव्हे. चाळीस लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्यास साडेतीन युनिट विजेइतकी उष्णता लागते. गॅसच्या शेगडीची निम्मी आच वाया जाते असे धरले तर अर्ध्या किलोहून थोडा अधिक गॅस झाला. लग्नाघरी कढत पाण्याला हा हिशेब महाग नाही. मात्र पिंपाच्या बुडाला जे गोल कडे असते त्यात ज्योत कोंडते, म्हणून त्याला चार खाचा पाडाव्यात.

हे सारे बिअरच्या पिंपाबद्दल. त्यात पूर्वी खाण्यापिण्याचाच पदार्थ होता, धातू उत्तम आणि दाब काढला की स्फोटाचे भय नाही. यातले एकही विधान २०० लिटरच्या लोखंडी पिंपास लागू नाही. त्याला आतून पुष्कळदा रंग किंवा लाख दिलेली असते. विस्तवावर ठेवले की ती जळून पदार्थात उतरते. जस्ताचा मुलामा असेल तर आंबट पदार्थ जस्त ओढून घेतो. तेलाचे किंवा रसायनाचे पिंप रिकामे झाल्यावर अधिक धोक्याचे, कारण भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते, आणि रिकाम्यात वाफ व हवा दोन्ही असतात. त्यावर ग्राइंडरची एक ठिणगी पडली की पिंपाचा बाँब होतो. ज्वालाग्राही मालाचे पिंप गावच्या दुकानात कापू नये, धुऊनही कापू नये. कीटकनाशकाच्या भांड्याबद्दल तर १९७१ चे नियम स्पष्ट आहेत: ते फोडून वस्तीपासून दूर पुरावे, पुन्हा वापरात येऊ देऊ नये. बागाईत भागात या नियमाची काय दशा आहे हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. टँकरच्या रांगेतली पिंपे मोजावीत.

आणि आता हातभट्टी. पिंपाचे उकळभांडे करण्याची आपल्या प्रांतातली सर्वांत प्रचलित रीत तीच आहे, हे लपवून काय उपयोग? काळा गूळ, नवसागर, मिळेल ते लोखंडी पिंप, ओढ्याकाठची चूल. तेथे आधी आंबवतात आणि मग उकळतात. म्हणजे मद्य त्या गंजलेल्या, पूर्वी डांबर किंवा आणखी काही भरलेल्या पिंपातून वाफेने वर चढते. माणसे घाऊक मरतात ती मात्र बहुधा पिंपामुळे नव्हे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉलने, कारखान्यात लागणाऱ्या विषारी अल्कोहोलने. आपल्या जिल्ह्यात २०१७ च्या फेब्रुवारीत पांगरमलला विषारी दारूनेच माणसे दगावली. त्या घरांचे दुःख ऐकलेला माणूस घरगुती मद्याचा विषय थट्टेने काढणार नाही, आणि मीही काढीत नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगून ठेवतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्यास आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, त्याच्या ६५ व्या कलमाखाली परवान्यावाचून मद्य बनविणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, मद्य बनविण्याच्या हेतूने भांडे, उपकरण किंवा साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. पुण्यात २००९ सालापासून परवाना घेऊन बिअर गाळून तेथेच विकणाऱ्या छोट्या शाळा निघाल्या आहेत. घरी मात्र हौस म्हणूनसुद्धा ती करता येत नाही. अमेरिकेत गेलेला आपला भाचा तेथल्या गॅरेजात पिंप कापून बिअर करीत असेल तर तो कायद्याने वागतो. सुटीत येऊन त्याच पिंपाने मिरजगावात तेच केले तर वागत नाही. पिंप तेच, तोटी तीच. त्यात लग्नाचे पाणी तापत असेल तर कोणाचे काही म्हणणे नाही.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी तयार भांडे प्रथम थंड पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावे. सकाळी तोटीखाली ओल दिसली तर वायसर बदलावा. मग एकदा नुसते पाणी उकळून ओतून द्यावे. कापताना लागलेल्या तेलाचा वास त्या पाण्याबरोबर जातो, आणि तापल्यावर वायसर धरतो की सोडतो हेही तेव्हाच कळते.