पेरणीयंत्राची चेन : मे महिन्यातलं एक दिवसाचं काम, जूनमधला धंदा वाचवणारं



ट्रॅक्टर आहे, पेरणीयंत्र आहे आणि गावात भाड्याने पेरणी करून द्यायची, असं तुमच्यापैकी बरेच जण ठरवून बसले असतील. चांगला धंदा आहे. पण हा धंदा वर्षात मोजके दिवस चालतो. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, जमिनीत ओल उतरली, की सगळ्या गावाला एकाच वेळी पेरायचं असतं. त्या दिवसांत यंत्र उभं राहिलं, तर गिऱ्हाईक थांबत नाही. ते दुसऱ्याला फोन लावतं.

आणि यंत्र बंद पाडणारा भाग बहुतेक वेळा अगदी साधा असतो : चेन. व्हिडिओत मापं पटकन निघून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहून देतोय.

चेन नेमकं करते काय?

पेरणीयंत्राचं जमिनीवर चालणारं चाक फिरतं. त्याची गती चेनमधून बियाणेपेटीखालच्या शाफ्टला मिळते. शाफ्ट फिरला की दाणे नळ्यांतून फणामागे पडतात. बऱ्याच यंत्रांत खतासाठी दुसरी चेन असते.

आता बघा, चेन तुटली किंवा दात सोडून उडी मारायला लागली तर काय होतं? ट्रॅक्टर चालूच राहतो. फण तास पाडतात, माती झाकली जाते. मागून बघणाऱ्याला पेरणी झाली असंच वाटतं. पण खाली दाणा पडलेलाच नसतो! हे कळतं आठवड्याभराने, उगवण दिसायला लागते तेव्हा. तोपर्यंत ओल गेलेली असते, शेतकऱ्याचे दिवस गेलेले असतात. आणि तुमचं नाव? पुढच्या हंगामापर्यंत पारावर त्याचीच चर्चा. म्हणून ही चेन म्हणजे तुमची इज्जत आहे असं समजा.

खराब होण्याचं खरं कारण : खत

मागच्या हंगामानंतर यंत्र तसंच शेडमध्ये लावलं असेल, तर चेनवर खताची भुकटी बसलेली असणार. खत हवेतली ओल ओढतं आणि लोखंड खातं. पावसाळाभर हे चालू राहतं. मेमध्ये बघाल तर चेनच्या कड्या ताठ झालेल्या असतात, वाकवल्या तरी वाकत नाहीत. अशी ताठ कडी चक्रावर नीट बसत नाही, आणि उडी तिथेच मारली जाते.

चला, कामाला लागू

आधी सुरक्षा. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. यंत्र उचलून काम करायचं असेल तर खाली मजबूत लाकडी ठोकळे द्या, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नका. आणि एका हाताने चाक फिरवत दुसरा हात चेनजवळ कधीच न्यायचा नाही. बोट अडकलं तर चेन थांबत नाही.

१. काढा आणि धुवा. काढण्याआधी चेन कशी बसली आहे, त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मग चेनलॉक काढून चेन डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये तासभर बुडवा, ब्रशने घासा. पेट्रोल नको, भडका उडण्याचा धोका असतो. धुतल्यावर फडक्याने पुसून पूर्ण वाळवा.

२. मोजा. चेन "ताणली" असं आपण म्हणतो. खरं तर आतल्या पिना आणि बुश झिजतात, म्हणून लांबी वाढते. तुमच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असेल, तर २० कड्यांची मूळ लांबी २५४ मिलिमीटर भरते. चेन सपाट ठेवून, ताणून मोजा. माप २५९ च्या पुढे गेलं असेल तर चेन बदला. एवढ्या झिजेवर हंगाम काढायची जोखीम घेऊ नका.

३. चक्रं बघा. दात हुकासारखे एका बाजूला वाकलेले किंवा टोकदार झाले असतील, तर चक्रही बदला. जुन्या चक्रावर नवी चेन टाकली तर ती लवकर झिजते. पैसे दोनदा जातात.

४. तेल द्या. नवीन ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल फुकट असतं, पण त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. तेल कड्यांच्या फटीत थेंब-थेंब सोडा, म्हणजे ते पिनांपर्यंत जाईल. मग बाहेरचं जास्तीचं तेल पुसून टाका. वरून ग्रीस थापू नका. शेतातली माती त्याला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी चेन घासत राहते.

५. बसवा आणि ताण लावा. दोन्ही चक्रं एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून बघा. चेनलॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी. ताण किती? दोन चक्रांमधल्या अंतराच्या साधारण २ ते ४ टक्के. अंतर ५० सेंटिमीटर असेल तर सैल बाजू मधोमध एकूण १ ते २ सेंटिमीटर हलली पाहिजे. फार घट्ट केली तर बेअरिंग जातं, फार सैल ठेवली तर चेन उडी मारते.

चक्र बदललं? मग बियाणं मोजाच!

इथे बरेच जण फसतात. समजा शाफ्टवर १४ दात्यांचं चक्र होतं आणि दुकानात मिळालं नाही म्हणून १६ दात्यांचं बसवलं. शाफ्ट तेवढा हळू फिरणार. एकरी ३० किलोच्या जागी २६ किलोच बियाणं पडणार, आणि पीक विरळ होणार. दाते मोजूनच चक्र घ्या.

आता तपासणी. यंत्र ठोकळ्यांवर उचला, पेटीत जे पेरायचं तेच बियाणं भरा, नळ्यांखाली पिशव्या बांधा. उदाहरणार्थ ५ फणांचं यंत्र, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी २.२५ मीटर. चाकाचा घेर १.२ मीटर असेल तर २० फेऱ्यांत २४ मीटर अंतर होतं. क्षेत्र झालं ५४ चौरस मीटर. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. सोयाबीन एकरी ३० किलो हवं असेल, तर २० फेऱ्यांत ४०० ग्रॅम बियाणं पडलं पाहिजे. सगळ्या पिशव्या वेगवेगळ्याही तोला, म्हणजे एखादी नळी कमी देतेय का ते कळेल. शेतात चाक थोडं घसरतं, म्हणून पहिल्या तासानंतर माती उकरून दाणे पुन्हा बघा.

ही तपासणी गिऱ्हाइकासमोर करा. काटा त्याच्याच घरचा वापरा. एकदा त्याने डोळ्यांनी बघितलं की भावासाठी घासाघीस कमी होते, हा माझा अनुभव आहे.

धंद्याचं गणित

समजा तुमचा दर एकरी ८०० रुपये आणि दिवसाला १२ एकर होतात. म्हणजे दिवसाचे ९,६०० रुपये. चेन तुटून अर्धा दिवस गेला तर ४,८०० रुपये बुडाले, शिवाय ड्रायव्हरची मजुरी चालूच. म्हणून ट्रॅक्टरच्या पेटीत नेहमी ठेवा : हात-दीड हात जादा चेन, दोन चेनलॉक, पक्कड, तेलाची बाटली आणि फडकं.

हंगामात रोज सकाळी पाच मिनिटं : ताण बघा, थोडं तेल द्या, चाक फिरवून सगळ्या नळ्यांतून दाणा येतो का बघा. ड्रायव्हरला सांगून ठेवा, दर दोन-तीन फेऱ्यांनी मागे वळून शाफ्ट फिरतोय का ते बघायचं. हंगाम संपला की खतपेटी पाण्याने धुवा, वाळवा, चेन तेलात भिजवून पिशवीत बांधून ठेवा. पुढच्या मेमधलं निम्मं काम तिथेच झालं.

पहिला पाऊस कुणाची वाट बघत नाही. या रविवारी यंत्र शेडबाहेर काढा, चेन उतरवा आणि २० कड्या मोजा. बाकीचं त्या मापावरून ठरवा.