विद्यार्थ्याचा स्वल्पव्ययी प्रवास : बुलडाणा जिल्ह्यातील काही समजुती आणि वस्तुस्थिती

शेगाव, खामगाव, चिखली किंवा खुद्द बुलडाण्याच्या वसतिगृहात वा भाड्याच्या खोलीत राहून, घरून येणाऱ्या मोजक्या रकमेवर महिना निभावणाऱ्या विद्यार्थ्याला, लोणारचे सरोवर पाहिलेस काय, सिंदखेडराजाचा राजवाडा पाहिलास काय, असे विचारले असता ‘खर्च परवडत नाही’ असे जे उत्तर बहुधा मिळते, ते असत्य नसले तरी अपुरे आहे. त्याच्या वाटेत पैशाच्या तुटीइतकाच, किंबहुना तीहून अधिक, अडसर ऐकीव माहितीचा असतो. आणि फलाटावर एकाने दुसऱ्याला सांगितलेली ही माहिती पुष्कळदा कधीकाळी खरी असून आज कालबाह्य झालेली, तर कधी मुळातच निराधार असते.

यांतील सर्वांत दृढमूल समजूत अशी की, महाविद्यालयाचे ओळखपत्र वाहकापुढे धरले म्हणजे एस.टी.चे तिकीट अर्धे होते. फिनलंडसारख्या उत्तरेकडील देशात विद्यार्थी आपले ओळखपत्र दाखवून रेल्वेचे तिकीट कमी दरात घेतो आणि तो कोठे व कशासाठी निघाला आहे याची पृच्छा कोणी करीत नाही, हे खरे. परंतु आपल्या राज्यात विद्यार्थ्याची सवलत त्याच्या प्रवासाच्या प्रयोजनाशी बांधलेली आहे, आणि ते प्रयोजन सिद्ध करणारा दाखला जवळ नसेल तर वाहकाने पूर्ण भाडे मागणे नियमाला धरूनच होते. मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे विद्यार्थ्याला भाड्याचा एकतृतीयांश भागच भरावा लागतो. मात्र हा पास निवासस्थान ते शिक्षणसंस्था एवढ्याच मार्गापुरता असतो, आणि चिखली–बुलडाणा पासावर रविवारी मेहकरला जाण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली हाच पास विनामूल्य मिळतो, आणि जून 2024 पासून असे पास शाळा-महाविद्यालयांतच वाटण्याची तजवीज महामंडळाने केली असल्यामुळे पासासाठी आगाराच्या खिडकीपुढे ताटकळण्याची तसदीही पुष्कळ अंशी उरलेली नाही.

याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, सुट्टीत मूळ गावी जाण्या-येण्यासाठी, परीक्षेला वा शैक्षणिक शिबिराला जाण्यासाठी, आणि आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी विद्यार्थ्याला 50 टक्के सवलतीची तरतूद आहे. त्यासाठी संस्थाप्रमुखाचा दाखला हवा, आणि तो मागावयास पुष्कळ विद्यार्थी जातच नाहीत. महामंडळाच्या सवलतींच्या याच यादीत विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या डब्यांचीही नोंद आहे : खेड्यातल्या आईने बांधून दिलेला डबा तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलापर्यंत विनामूल्य पोहोचविण्याची ही तरतूद ज्या कोणा अधिकाऱ्याच्या मनात प्रथम आली असेल, त्याला वऱ्हाडच्या विद्यार्थिजीवनाची खरी जाण होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

महिलांच्या सवलतीविषयी दुहेरी गैरसमज आढळतो. ती केवळ साध्या गाडीतच चालते असे काही विद्यार्थिनी मानतात, तर ती कोठेही चालते असे दुसऱ्या मानतात. 17 मार्च 2023 पासून अमलात आलेली ही 50 टक्के सवलत महामंडळाच्या सर्व प्रकारच्या गाड्यांना लागू आहे, परंतु राज्याच्या हद्दीपुरती. जळगाव जामोदहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या मुलीला सीमेपलीकडच्या अंतराचे भाडे पूर्ण द्यावे लागते. पदवीच्या वर्गातील जी मुलगी महिन्यातून दोनतीनदाच घरी जाते, तिने मासिक पासाच्या मागे न लागता अर्ध्या तिकिटावरच प्रवास करावा. आणि रोज ये-जा करणारीने मात्र पासच काढावा, कारण एकतृतीयांश हे अर्ध्याहून कमीच असते.

‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास काढला की जिल्हा स्वस्तात पाहून होतो, ही समजूत दिसावयास जितकी शहाणपणाची, तितकीच हिशेबात चुकीची आहे. हा पास दूरच्या फिरतीसाठी, म्हणजे शेगावहून निघून पंढरपूर, कोल्हापूर, कोकण असा पल्ला गाठावयाचा असेल तेव्हा, खरोखर उपकारक ठरतो; परंतु एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते, आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हिंडताना असे टप्पे इतके थोडे होतात की, सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. वर्गच्या वर्ग निघणार असेल तर तिसरा आणि माझ्या मते सर्वोत्तम मार्ग प्रासंगिक कराराचा : शिक्षणसंस्थेने सहलीसाठी अख्खी गाडी मागितल्यास तिच्या भाड्यात 50 टक्के सूट मिळते. हा अर्ज संस्थेच्या नावाने व्हावा लागतो, म्हणून तो आधी प्राध्यापकांच्या गळी उतरवावा लागतो, आणि येथेच बहुतेक सहली अडतात. काळी-पिवळी जीप एस.टी.हून स्वस्त असते हाही असाच एक भ्रम. तिच्यात यांपैकी कोणतीच सवलत नाही, आणि आसने भरेपर्यंत ती फाट्यावरून हलत नाही.

रेल्वेच्या बाबतीत सर्वत्र असे बोलले जाते की, करोनाच्या काळात सर्व सवलती रद्द झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत ते खरे आहे. पण मार्च 2020 च्या त्या हुकुमातून दिव्यांग व रुग्ण यांच्या काही वर्गांबरोबर विद्यार्थ्यांचे वर्गही वगळलेले होते. गावी जाण्यासाठी वा शैक्षणिक सहलीसाठी द्वितीय आणि स्लीपर वर्गात सर्वसाधारण विद्यार्थ्याला 50 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला 75 टक्के सूट आहे. ती प्राचार्यांच्या सहीशिक्क्याच्या विहित नमुन्यावर, स्थानकाच्या खिडकीवरच मिळते, आणि भ्रमणध्वनीवर तिकीट काढू पाहणाऱ्याला ती दिसत नाही म्हणून ती संपली असा समज पसरतो. घर ते शिक्षणसंस्था या अंतराचा द्वितीय वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत विनामूल्य आहे. नांदुऱ्याहून किंवा मलकापूरहून शेगावला शिकावयास येणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

बाहेरगावाहून शिकावयास आलेला विद्यार्थी बुलडाण्याचे रेल्वेस्थानक शोधू लागतो, आणि ते नाही म्हटल्यावर जिल्हाच रेल्वेपासून वंचित आहे असे मानून खासगी गाडीच्या भाड्याची चौकशी करतो. वास्तविक मुंबई–नागपूर हा प्रमुख लोहमार्ग घाटाखालच्या प्रदेशातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो, आणि जलंबहून खामगावला जाणारी सुमारे 13 किलोमीटरची शाखा कापसाच्या व्यापारासाठी 1870 पासून आहे. घाटावरच्या बुलडाण्याला मलकापूरला उतरून राजूर घाटाने एस.टी.ने यावे लागते, एवढेच. समृद्धी महामार्गामुळे मेहकर आणि सिंदखेडराजा ही ठिकाणे विद्यार्थ्यालाही सुलभ झाली, असाही एक समज आहे. परंतु त्या मार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेश नाही, चारचाकीला पथकर आहे, आणि गावोगाव थांबणारी एस.टी. जुन्याच रस्त्याने धावते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो जुना रस्ताच अधिक मोलाचा. कारण मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेडराजा आणि पुढे जालना ही सारी गावे त्याने एका ओळीत गुंफलेली आहेत, आणि लोणारचा फाटा सुलतानपुरालाच आहे.

लोणारविषयी आर्थिक आणि शास्त्रीय असे दोन्ही गैरसमज एकाच वेळी प्रचलित आहेत. ते पाहावयास छत्रपती संभाजीनगरहून मोटार करूनच जावे लागते असे मानणाऱ्याला मेहकरहून सुटणारी साधी गाडी ठाऊक नसते. आणि ते ज्वालामुखीचे मुख आहे असे सांगणाऱ्याला ठाऊक नसते की, हे मत भूगर्भशास्त्रज्ञांत एकेकाळी खरोखरच मान्य होते, पण तेथील खडकांत सापडलेल्या मॅस्केलिनाइट या आघातजन्य काचेच्या पुराव्यावर 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते निकालात काढले. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्केच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात निर्माण झालेले आहे. असा खडक मंगळ आणि चंद्र यांच्या पृष्ठभागाशी साम्य राखतो, म्हणून जगभरचे अभ्यासक येथे येतात. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याला दैवी कोपाचा वा विषाचा रंग देण्यात आला. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने तो लवणप्रेमी सूक्ष्मजीवांचा परिणाम असल्याचे दाखविले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खारट, अल्कधर्मी सरोवराच्या काठाशीच वाहणारी गोमुखाची गोड्या पाण्याची धार, आणि गावातल्या दैत्यसूदन मंदिराचे शिल्प, ही दोन्ही पायी पाहता येतात. वाहन करण्याचे काही कारण नाही. एक तासात कठड्यावरून छायाचित्र घेऊन परतणारा विद्यार्थी तिकिटाचे पैसे वाया घालवितो, असे मी स्पष्ट म्हणेन.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद विनामूल्य आहे आणि भक्तनिवासातील राहण्याचे दर माफक आहेत, यावरून ते सहलीच्या टोळीचे हक्काचे मुक्कामस्थान आहे असे समजू नये. माघातील प्रकटदिन आणि ऋषिपंचमीची पुण्यतिथी या दिवसांत तेथे जागा मिळणे दुरापास्त, आणि ती मागणेही औचित्याला सोडून. तीच गोष्ट सिंदखेडराजाची : 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मनुष्यसागरात मिसळण्याचा अनुभव निराळा, पण लखुजी जाधवांची समाधी आणि मोती तलावाचे बांधकाम निरखावयाचे असेल तर इतर कोणताही दिवस घ्यावा. आणि जंगल पाहावयाचे तर सफारीचे पैसे हवेतच, असे म्हणणाऱ्याने बुलडाणा–खामगाव या बोथा घाटाच्या गाडीत खिडकीजवळ बसावे. ती ज्ञानगंगा अभयारण्यातूनच जाते, जेथे टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ 2019 च्या डिसेंबरात तेराशे किलोमीटरांची पायपीट करून पोहोचला होता.

आणखी एक समज राहिला, आणि प्रत्यक्ष खर्चाच्या दृष्टीने तोच सर्वांत महाग पडतो : प्रसिद्ध स्थळ म्हटले की तेथून परतीच्या गाड्या रात्रीपर्यंत असणारच. बुलडाणा विभागाची सात आगारे बुलडाणा, चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर, जळगाव जामोद आणि शेगाव येथे आहेत. लोणार आणि सिंदखेडराजा येथे बसस्थानक आहे, आगार नाही, त्यामुळे तेथील गाड्या बाहेरच्या आगारांच्या सोयीने येतात आणि सायंकाळनंतर त्यांची संख्या झपाट्याने रोडावते. लोणारला उतरताच, विवराकडे पाऊल टाकण्यापूर्वी, चौकशीच्या खिडकीवर मेहकरच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी, आणि ती चुकणार नाही अशा बेताने चढण चढावयास निघावे.