क्विक रिलीज कुरकुरतंय? आधी कॅम बघा

घाटकोपरच्या सायकलवाल्यांनो, पावसाळ्यानंतर चेन आणि ब्रेक सगळेच बघतात, पण चाकाच्या क्विक रिलीजकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खाडी जवळ, हवा खारट आणि दमट, त्यात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरचा चिखल. कॅम कोरडा पडला की लिव्हर कुरकुरणारच!

कॅम धातूच्या टोपीत झाकलेला असेल, तर आत दोन थेंब तेल सोडून लिव्हर उघडझाप करा, बस्स. स्वस्त सायकलींवर कॅम उघडा असतो आणि त्याच्याखालची प्लास्टिकची वाटी झिजते. ती पुसून थोडं ग्रीस लावा. चिरली असेल तर पूर्ण संच बदला. वाकलेला दांडा, गेलेले आटे, तडा गेलेली लिव्हर यांवर जुगाड नको. दुकानात जुना दांडा सोबत न्या. पुढचा हब साधारण १०० मिमी आणि मागचा १३० किंवा १३५, त्यामुळे लांबी चुकते.

बसवताना स्प्रिंगची निमुळती बाजू हबकडे, लिव्हर डावीकडे. लिव्हर दांड्याच्या सरळ रेषेत आली की जोर लागायला सुरुवात व्हावी आणि बंद करताना तळहातावर वळ उठावा. लिव्हरच गोल फिरवून चाक आवळणारे महाभाग अजून भेटतात! १९३० च्या दशकात इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोने क्विक रिलीजची युक्ती रूढ केली ती कॅमच्या जोरावर. फिरवायचा तो समोरचा नट, तोही लिव्हर उघडी असताना.

डिस्क ब्रेकवाल्यांनी उतारावरून आल्या आल्या लिव्हरला हात लावू नये, शेजारची डिस्क चांगलीच तापलेली असते.