नकाशात काय दाखवावे, काय झाकावे

मंडळी, घराचा, शाळेचा किंवा विहिरीवरच्या पंपघराचा नकाशा तुम्ही कधी ना कधी हातात घेतला असेलच. अलीकडे हे नकाशे बहुधा संगणकावर काढले जातात. ते पाहताना आपली एक समजूत असते. जे बांधायचे ते सगळे या कागदावर आहे, आणि जे कागदावर नाही ते बांधायचेच नाही! यातला पहिला भाग चुकीचा आहे, आणि दुसरा भाग महागात पडणारा आहे. कसा, ते आज पाहू.

मी भूगोल शिकवणारा माणूस, तेव्हा सुरुवात वर्गातल्या भिंतीपासून करतो. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा टांगला की सह्याद्री दिसतो, गोदावरी, भीमा, कृष्णा दिसतात. राजकीय नकाशा टांगला की डोंगर मागे पडतात आणि जिल्ह्यांच्या हद्दी पुढे येतात. म्हणून काही डोंगर सपाट होत नाहीत, की जिल्हे नाहीसे होत नाहीत. प्रदेश एकच, पाहणाऱ्याला काय हवे त्याप्रमाणे काही दाखवले, काही झाकले. इमारतीच्या नकाशाचेही अगदी असेच आहे.

संगणक येण्यापूर्वी ड्राफ्ट्समन हे काम ट्रेसिंग कागदाने करीत. खाली भिंतींचा नकाशा ठेवायचा, त्यावर पारदर्शक कागद पसरायचा आणि त्यावर फक्त वायरिंग काढायचे. दुसऱ्या कागदावर पाण्याचे नळ. कागद एकावर एक ठेवले की सगळे दिसे, उचलला की तेवढे जाई. पुढे १९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम मांडला आणि प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेषा काढता येऊ लागल्या. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले. अशा प्रोग्राममध्ये ट्रेसिंग कागदाची जागा घेतली ती थराने. त्याला त्या भाषेत लेयर म्हणतात. भिंतींचा एक थर, दारे-खिडक्यांचा दुसरा, वायरिंगचा तिसरा. हवा तो थर चालू करावा, नको तो बंद करावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गावात दोन खोल्यांची शाळा बांधायची आहे. तिचे पूर्ण रूप संगणकात एकदाच तयार केले: पाया, कॉलम, भिंती, बीम, स्लॅब, वरची पाण्याची टाकी, सगळे. याला मॉडेल म्हणतात. या एकाच मॉडेलमधून निरनिराळे कागद निघतात. गवंड्याला भिंतींची मापे हवीत. त्याच्या कागदावर दिवे-पंख्यांची गर्दी नको. सळया बांधणाऱ्याला कॉलम आणि बीम हवेत. बाकांची मांडणी त्याच्या काय कामाची? म्हणून प्रत्येक कागदासाठी ठरवावे लागते, की काय दिसावे आणि काय झाकावे.

हे ठरवण्याच्या चार वाटा आहेत. पहिली वाट जातीने झाकण्याची: या दृश्यात सगळे फर्निचर झाका, सगळे दिवे झाका. थरांचे कामही याच जातीचे. दुसरी वाट एकेका वस्तूची: बाकी खिडक्या राहू द्या, ही एकच झाका. तिसरी वाट झाकण्याची नव्हे, तर फिकट करण्याची: भिंती पुसट दिसाव्यात आणि त्यांवर वायरिंग ठळक उठावे. चौथी वाट कापाची, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

आपण ज्याला प्लॅन म्हणतो, तो वरून पाहिलेल्या छपराचा देखावा नसतो. जमिनीपासून काही उंचीवर इमारत आडवी कापली आणि वरचा भाग उचलून खाली पाहिले, तर जे दिसेल तो प्लॅन. कलिंगड आडवे चिरून पाहावे, तसे हे आहे. रेव्हिट नावाच्या प्रोग्राममध्ये मेट्रिक मापांत ही कापाची उंची मुळात १२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट, ठेवलेली असते. ती बदलता येते. आता पाहा, खिडकीची चौकट ९०० मिलिमीटरवर सुरू होत असेल, तर ती कापात सापडते आणि प्लॅनमध्ये दिसते. पण २१०० मिलिमीटरवरचा झरोका कापाच्या वर राहतो. ड्राफ्ट्समनने तो मुद्दाम दाखवला नाही, तर गवंडी झरोक्याची जागा न सोडता भिंत सरळ वर नेईल. त्यात गवंड्याचा दोष काय?

यासाठी नकाशाच्या भाषेत एक तिसरी सोय आहे. सलग रेषा म्हणजे दिसते. रेषाच नाही म्हणजे या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तुटक रेषा म्हणजे आहे, पण इथून दिसत नाही. झरोका, डोक्यावरचा माळा, जमिनीखालचा पाया हे अशा तुटक रेषांनी दाखवतात. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांतील अभियांत्रिकी रेखनासाठी एसपी ४६ ही पुस्तिका काढली आहे. त्यात अशा रेषांचे संकेत दिलेले आहेत.

आता मुख्य मुद्दा. झाकणे म्हणजे पुसणे नव्हे. झाकलेली वस्तू मॉडेलमध्ये असतेच, आणि नजरेआड असल्यामुळेच ती घात करू शकते. ऑटोकॅडमध्ये थर नुसता बंद करता येतो किंवा गोठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच: थर दिसत नाही. पण पुसण्याचा हुकूम देऊन निवडीसाठी ‘ऑल’ असे लिहिले, तर बंद थरावरच्या न दिसणाऱ्या रेषाही पुसल्या जातात. गोठवलेल्या थरावरच्या मात्र वाचतात. याउलट, डेफपॉइंट्स नावाचा एक थर पडद्यावर दिसतो, पण छापला जात नाही. त्यावर चुकून काही काढले, तर काढणाऱ्याला ते दिसत राहते आणि बांधणाऱ्याच्या हाती कोरा कागद पडतो!

प्रत्यक्ष बांधकामावर याचे काय होते? समजा, टाकीचा पाइप स्लॅबमधून खाली यायचा आहे. स्लॅबचा कागद स्वच्छ दिसावा म्हणून नळांचा थर झाकला; ते योग्यच. पण पाइपसाठी ठेवायचे भोकही त्याच थरावर होते, तेही झाकले गेले. सेंट्रिंग झाले, सळया बांधल्या, काँक्रीट ओतले. आठ दिवसांनी प्लंबर आला आणि विचारू लागला, “भोक कुठं आहे?” मग छिन्नी-हातोडा आला. काँक्रीट फुटले, एखादी सळई कापली गेली, आणि पुढे पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपू लागले. पोरांच्या डोक्यावरचा स्लॅब आहे, मंडळी! चूक फार मोठी नव्हती. एक थर झाकताना दुसऱ्याच्या कामाची गोष्ट झाकली गेली, एवढेच. म्हणून स्लॅबमधली भोके नळांच्या थरावर न ठेवता स्वतंत्र थरावर ठेवावीत, म्हणजे नळ झाकले तरी भोके दिसत राहतात.

काढणाऱ्यासाठी आणखी दोन गोष्टी सांगतो. एकेक वस्तू सुटी झाकण्याची सवय लावू नये. महिन्याभराने आपण काय झाकले ते आपल्यालाच आठवत नाही. जातीने झाकावे आणि तो नियम सर्व मजल्यांच्या दृश्यांना सारखा लावावा. आणि कागद छापण्यापूर्वी झाकलेले सगळे एकदा उघडून पाहावे. रेव्हिटमध्ये यासाठी दिव्याचे चिन्ह आहे. ते दाबले की झाकलेल्या वस्तू वेगळ्या रंगात उठून दिसतात.

आणि तुम्ही आम्ही, जे नकाशा नुसता वाचतो, त्यांनी काय करावे? शाळेच्या समितीत किंवा ग्रामपंचायतीत नकाशा पुढे आला, तर चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. हा कागद कोणाच्या कामाचा आहे? काप किती उंचीवर घेतला आहे? यात काय दाखवलेले नाही, आणि ते कोणत्या कागदावर आहे? या कागदांपैकी सर्वांत ताजा कोणता? हे विचारण्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. वर्गखोलीचा प्लॅन मुलांकडून कागदावर काढून घ्या. त्यावर पारदर्शक कागद ठेवून एका गटाला बाके, दुसऱ्याला दिवे-पंखे, तिसऱ्याला दारे-खिडक्या काढायला सांगा. मग विचारा, “सुताराला कोणते कागद द्याल? वायरमनला कोणते?” शाळेत संगणक असेल, तर लिब्रेकॅड हा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात हेच थर एका टिचकीने झाकता-उघडता येतात. पण आरंभ कागदानेच करावा. उचललेला कागद बाजूला पडलेला मुलांना दिसतो, आणि जे झाकले ते कुठे गेले, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.