वेगवान मोटारगाडीची हिवाळी सिद्धता
वेगवान मोटारगाडीची हिवाळी सिद्धता : ज्या प्रदेशांत हिवाळ्यात तापमान –२०° ते –४०° से. पर्यंत उतरते व रस्ते कित्येक आठवडे हिमाखाली राहतात, तेथे मोठ्या शक्तीची व वेगासाठी अभिकल्पित केलेली मोटारगाडी सुरक्षितपणे चालावी म्हणून हिवाळ्यापूर्वी तिच्यात करावयाचे फेरफार व घ्यावयाची दक्षता यांचा अंतर्भाव या विषयात होतो. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग व सायबीरिया हे असे प्रमुख प्रदेश होत. साध्या गाडीलाही ही सिद्धता लागतेच. पण वेगवान गाडीच्या बाबतीत तिला विशेष महत्त्व आहे. रुंद टायर, रस्त्यालगत आलेला सांगाडा, कडक स्प्रिंगा आणि चाकांना मिळणारी मोठी शक्ती ही कोरड्या रस्त्यावर गुण ठरणारी वैशिष्ट्येच हिमावर दोष ठरतात.

घर्षण व शक्ती : गाडीचा वेग वाढणे, ती थांबणे व वळणे या तिन्ही क्रिया टायर व रस्ता यांमधील घर्षणावर अवलंबून असतात. घर्षण गुणांक कोरड्या डांबरी रस्त्यावर सु. ०·८, दाबून घट्ट झालेल्या हिमावर सु. ०·२ आणि गुळगुळीत बर्फावर ०·१ किंवा त्याहूनही कमी असतो. ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर कोरड्या रस्त्यावर सु. ३१ मी. अंतरात थांबू शकते. हिमावर तिला सु. १२६ मी. व बर्फावर सु. २५२ मी. अंतर लागते. प्रवेगाचेही तसेच आहे. गुणांक ०·२ असता चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी ताशी १०० किमी. वेग १४ सेकंदांपेक्षा कमी वेळात गाठू शकत नाही. गाडीचे निम्मेच वजन चालक चाकांवर पडत असेल, तर हा काल दुप्पट होतो. एंजिन २०० अश्वशक्तीचे असो वा ५०० अश्वशक्तीचे, या मर्यादेत फरक पडत नाही. जादा शक्तीने चाके जागच्या जागी फिरतात एवढेच.

या तत्त्वाचा प्रत्यय १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये ऑडी कंपनीच्या अभियंत्यांना आला. तेथील चाचण्यांत फक्त ७५ अश्वशक्तीच्या व चारही चाके चालक असलेल्या इल्टिस या लष्करी गाडीने अधिक शक्तिमान अशा पुढील चाके चालक असलेल्या गाड्यांना हिमावर मागे टाकले. त्यातूनच १९८० मध्ये क्वाट्रो ही गाडी पुढे आली. तथापि चारही चाकांना शक्ती दिल्याने गाडी सुटण्यास मदत होते. थांबण्यास होत नाही, कारण ब्रेक सर्वच गाड्यांत चारही चाकांवर असतात. हा फरक लक्षात न घेतल्याने अशा गाड्यांचे चालक पुष्कळदा फसतात.

टायर : यावरून हिवाळी सिद्धतेत टायरला पहिले स्थान का द्यावयाचे हे स्पष्ट होते. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचे रबर सु. ७° से. खाली कडक होऊ लागून त्याची पकड घटते. कडाक्याच्या थंडीत असा टायर नुसता फिरल्यानेही त्याच्या पृष्ठावर तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरचे रबर कमी तापमानातही लवचिक राहते आणि त्याच्या नक्षीतील असंख्य बारीक चिरांच्या कडा हिमात रुततात. मालमोटारींसाठी हिवाळी टायर फिनलंडमधील नोकिया येथील कारखान्याने १९३४ मध्ये तयार केला. १९३६ मध्ये मोटारगाड्यांसाठी ‘हाक्कापेलीट्टा’ हा टायर निघाला. हिमावरील पकडीच्या चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण असे चिन्ह असते. नव्या हिवाळी टायरच्या नक्षीची खोली सु. ८ ते ९ मिमी. असते. ती ४ मिमी.पेक्षा कमी झाल्यावर हिमावरील उपयुक्तता बरीच घटते. फिनलंडमध्ये कायद्याने किमान ३ मिमी. खोली आवश्यक आहे.

चारही चाकांना एकाच जातीचे टायर बसविणे अत्यावश्यक आहे. केवळ चालक चाकांना हिवाळी टायर बसविल्यास गाडी सुटते. परंतु ब्रेक लावताना वा वळताना तिचे दुसरे टोक घसरते. टायरची रुंदीही कमी ठेवावी लागते. रुंद टायर हिमावर तरंगल्यासारखा चालतो, तर अरुंद टायर हिम कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. म्हणूनच हिमावरील शर्यतींत अरुंद व खिळेयुक्त टायर वापरतात. लहान व्यासाचे चाक घेतल्यास टायरची भिंत उंच होते व हिमाखाली दडलेल्या खड्ड्यांचे आघात ती सोसते. मात्र वेगवान गाडीचे ब्रेक आकाराने मोठे असल्याने, ते ज्यात मावतील असे सर्वांत लहान चाक निवडावे लागते. नुसत्या बर्फावर टंगस्टन कार्बाइडाचे टोक असलेले खिळे परिणामकारक ठरतात. परंतु त्यांनी रस्ते झिजत असल्यामुळे काही देशांत त्यांना बंदी आहे. जर्मनीत ही बंदी १९७५ पासून आहे.

तापमान घटले की टायरमधील हवेचा दाबही घटतो. २०° से. तापमानास २·५ बार दाबाने भरलेल्या टायरमध्ये –३०° से. तापमानास सु. १·९ बार दाबच उरतो. यासाठी दाब थंड टायरमध्ये, बाहेरच्या हवेत व वारंवार तपासतात.

एंजिन व वंगण : तापमान उतरते तशी वंगण तेलाची श्यानता (दाटपणा) वाढते. एंजिन सुरू होताना दाट तेल धारव्यांपर्यंत उशिरा पोहोचते व तेवढ्या अवधीत त्यांची झीज होते. टर्बोचार्जर अतिशय वेगाने फिरत असल्याने त्याला हा धोका अधिक असतो. तेलाच्या प्रतीतील ‘डब्ल्यू’ या अक्षरापूर्वीचा अंक थंडीतील गुण दर्शवितो : १०डब्ल्यू तेलाची एंजिन फिरविण्यासंबंधीची चाचणी –२५° से. ला, ५डब्ल्यू तेलाची –३०° से. ला व ०डब्ल्यू तेलाची –३५° से. ला घेतात. कडक थंडीत ०डब्ल्यू प्रतीचे संश्लेषित तेल वापरतात. तथापि गाडीच्या निर्मात्याने मान्य केलेलीच प्रत घ्यावी लागते. एंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने गाडी हळू चालवीत गरम करतात. पाण्याचे तापमान वाढल्यानंतरही तेल तापण्यास अवकाश लागतो, म्हणून तोपर्यंत एंजिनावर पूर्ण भार टाकीत नाहीत.

याहून उत्तम उपाय म्हणजे एंजिन आधीच गरम करणे होय. एंजिनाच्या ठोकळ्यात बसविलेला विद्युत् तापक गाडी सुटण्यापूर्वी काही तास चालू ठेवतात. फिनलंडमध्ये व कॅनडाच्या प्रेअरी भागात गाड्या उभ्या करण्याच्या जागी यासाठी विजेच्या खुंट्या असतात.

शीतक द्रवात पाणी व एथिलीन ग्लायकॉल समप्रमाणात असता तो सु. –३७° से. पर्यंत गोठत नाही. ग्लायकॉलाचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत नेल्यास हे तापमान आणखी खाली जाते. पण निव्वळ ग्लायकॉल सु. –१३° से. ला गोठत असल्याने ते तसेच वापरीत नाहीत.

विद्युत् घटमाला : शिसे-अम्ल घटमालेची क्षमता –१८° से. तापमानास निम्म्याच्या आसपास येते आणि नेमके त्याच वेळी दाट तेलामुळे एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. पूर्ण भारित घटमालेतील अम्लद्राव –५०° से. लाही गोठत नाही; मात्र घटमाला रिकामी असल्यास तो –१०° से. च्या आसपास गोठून तिचे कवच फुटते. म्हणून जुनी घटमाला हिवाळ्यापूर्वीच बदलतात. विजेवर चालणाऱ्या वेगवान गाड्यांत एंजिन सुरू करण्याची अडचण नसते. परंतु लिथियम-आयन घटमाला थंडीत हळू भारित होते व एका भरणीत कापता येणारे अंतर घटते. यासाठी गाडी विद्युत् जोडणीवर असतानाच घटमाला व आतील जागा गरम करून घेतात.

सांगाडा व ब्रेक : रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी टाकलेल्या मिठाने सांगाडा, ब्रेकच्या नळ्या व जोड यांचे संक्षारण होते. मिठाचा परिणाम सु. –१०° से. खाली मंदावत असल्याने फार थंड भागांत वाळू वा बारीक खडी टाकतात. तिने पुढील काच व रंग यांची हानी होते. म्हणून हिवाळ्यापूर्वी सांगाड्याच्या खालच्या बाजूस मेणयुक्त लेप देतात व हिवाळाभर ती बाजू धुवीत राहतात. गाडीची जमिनीपासूनची उंची कमी असल्यास तिचा पुढचा भाग नांगरासारखा हिमात घुसतो व पोटाखाली हिम दाटून चाके अधांतरी राहतात. ज्या गाड्यांत ही उंची वाढविता येते, त्यांत ती वाढवितात. दारांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकोन लावल्याने त्या चिकटत नाहीत. ओला हातब्रेक गोठून अडकत असल्यामुळे सपाट जागी तो न लावता गाडी गिअरमध्ये ठेवतात.

आपत्कालीन दक्षता : वस्तीपासून दूर हिमवादळात गाडी अडकल्यास प्रश्न गाडीचा राहत नाही, जिवाचा होतो. धुराड्याचे तोंड हिमाने बुजले असता एंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू गाडीत शिरून आतील माणसे दगावू शकतात. यासाठी धुराड्याभोवतीचे हिम आधी व पुन्हापुन्हा दूर करणे, एंजिन अधूनमधूनच चालविणे आणि काच किंचित उघडी ठेवणे आवश्यक असते. फावडे, वाळू, घोंगड्या, विजेरी, अन्न व पाणी ही सामग्री गाडीत असावी आणि इंधनाची टाकी निम्म्याहून रिकामी होऊ देऊ नये. मदत येईपर्यंत गाडी सोडून जाऊ नये, कारण हिमवादळात दिशा कळत नाही आणि हिमाने झाकलेल्या माणसापेक्षा हिमाने झाकलेली गाडी शोधणे सोपे असते.

चाके कुलूपबंद होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा १९७८ पासून व गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा १९९५ पासून मोटारगाड्यांत आली. त्यांनी अपघात कमी झाले असले, तरी या यंत्रणा उपलब्ध घर्षणाचा योग्य वापर करतात. नसलेले घर्षण निर्माण करू शकत नाहीत. सर्व सिद्धता केल्यानंतरही वेग कमी ठेवणे व पुढील गाडीपासून अनेकपट अंतर राखणे हे चालकाचेच काम राहते.