वखारीत काय पाहाल?

विद्यार्थी क्षेत्रभेटीसाठी धान्याच्या वखारीत गेले की त्यांची नजर आधी उंच थप्प्यांवर जाते. त्यांनी आधी खाली वाकून पाहावं. पोती थेट फरशीवर ठेवत नाहीत. खाली लाकडी चौकटी असतात, नाहीतर जमिनीची ओल तळच्या पोत्यांत चढते. थप्पी आणि भिंत यांत माणूस फिरेल एवढी वाट सोडतात. कीड पाहायला, फवारणीला तीच उपयोगी. तपासनीस टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो, तळहातावर दाणे घेतो आणि ओलावा मोजतो. सोयाबीनला १२ टक्क्यांच्या आत ओलावा हवा. जास्त असेल तर बुरशी धरते. कीड लागलीच तर थप्पी ताडपत्रीसारख्या आवरणाखाली बंद करून धुरी देतात. धुरीचा वायू विषारी असतो, म्हणून त्या काळात विद्यार्थ्यांना आत सोडूच नये.

महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ पासून काम करतं. माल ठेवल्यावर मिळणारी वखार पावती मुलांनी जरूर हातात घेऊन वाचावी: तिच्यावर शेतकऱ्याला बँकेतून तारण कर्ज मिळू शकतं. भाव पडलेले असताना माल विकायची घाई करावी लागत नाही.