अचाट दाव्यांची पारख

२३ जुलै २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले देव कुमार थापा आणि अंशु पांडे यांनी ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर एक शोधनिबंध टाकला. सोन्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेला पदार्थ २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंश सेल्सिअसला, अतिवाहक होतो, असे त्यांचे म्हणणे होते. विजेला जराही विरोध न करणारे पदार्थ १९११ पासून माहीत आहेत, पण त्यांना कडाक्याची थंडी लागते. तोवरचा विक्रम २०३ केल्विनचा होता आणि तोही हायड्रोजन सल्फाइडवर वातावरणाच्या सुमारे पंधरा लाख पट दाब देऊन मिळवलेला. इथे मात्र साधा, आपल्या भोवतालचाच दाब. दावा खरा ठरता तर नोबेल फार लांब नव्हते.

पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आर्काइव्हवर निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेतले जात नाहीत. लिखाण शास्त्रीय आहे का आणि योग्य विभागात आले आहे का, एवढेच स्वयंसेवक पाहतात. २००४ पासून नवख्याला जुन्या लेखकाची शिफारस लागते, इतकाच काय तो अडसर. खरेखोटे दारात ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. दारातच निवाडा होऊ लागला, तर वेडगळ कल्पनांबरोबर खऱ्या नव्या कल्पनाही बाहेर राहतील. खरी पारख आत आल्यावर सुरू होते.

ती सुरू झाली एका आलेखावरून. पदार्थाचा चुंबकीय प्रतिसाद तापमानाबरोबर कसा बदलतो, हे त्यात वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांसाठी ठिपक्यांनी दाखवले होते. अशा मोजमापात प्रत्येक ठिपका थोडा वर, थोडा खाली सरकतोच. उपकरणाची ही थरथर दर वेळी निराळी असते आणि दोनदा मोजले तर ती जुळत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणाऱ्या ब्रायन स्किनर यांनी हिरवे आणि निळे ठिपके शेजारी ठेवून पाहिले. निळ्यांचा चढउतार हिरव्यांसारखाच होता, फक्त सगळे ठिपके सारख्याच अंतराने सरकलेले. ऑगस्टमध्ये त्यांनी छोटेसे टिपण त्याच आर्काइव्हवर टाकले. त्यात आरोप नव्हता. असे का झाले असावे, एवढाच प्रश्न होता.

उत्तर लवकर आले नाही. निकाल स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळून घेत आहोत, असे लेखकांनी सांगितले. नमुने मात्र बाहेरच्या प्रयोगशाळांच्या हाती पडले नाहीत. मग त्या पोकळीत नको ते शिरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्रताप रायचौधुरी या विषयावर फेसबुकवर उघडपणे लिहीत होते. त्यांना ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांच्या नावाने मेल आली. ती बनावट निघाली. ती कोणी पाठवली यापेक्षा, एका वैज्ञानिक प्रश्नात अशा मेलला जागा मिळाली, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

मे २०१९ मध्ये सुधारित निबंध आला. आता लेखक दहा होते. १२५ नमुन्यांपैकी १० मध्ये अतिवाहकतेची लक्षणे दिसल्याचे त्यांनी नोंदवले. कितीदा जमले नाही, हेही वाचकाला कळले. दावा आजही सर्वमान्य झालेला नाही, पण हा आकडा पहिल्याच दिवशी समोर असता तर चर्चा मुळात दुसऱ्या पायरीवरून सुरू झाली असती.

जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या ‘एलके-९९’ या पदार्थाबाबत नेमके तसे घडले. दावा याहूनही मोठा होता, पण पदार्थ बनवायची कृती निबंधातच होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने तो पदार्थ बनवला. अतिवाहकता सापडली नाही. इतर देशांतल्या गटांनी तांब्याच्या सल्फाइडची भेसळ हे कारण दाखवले आणि काही आठवड्यांत विषय निकाली निघाला.

बंगळुरूला अशा पारखीची जुनी सवय आहे. भारद्वाज ऋषींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या विमानांवरच्या ग्रंथाची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेतल्याच एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू यांनी केली. त्यांचा लेख १९७४ चा. हसून सोडून देणे सोपे होते. त्यांनी संस्कृत तपासले. ते वैदिक नसून अर्वाचीन ठरले. ग्रंथ बंगळुरूजवळच्या आनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवला होता, आणि विमानांची चित्रे १९२३ मध्ये एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली होती. मग वजन, पंख, उड्डाणाचे हिशेब मांडले. वरून हवा ओढून खाली सोडणाऱ्या ‘रुक्म’ विमानाच्या रचनेत थोडा अर्थ आहे, हे त्यांनी मान्य केले. उडेल असे एकही विमान नाही, हेही स्पष्ट लिहिले. नागेंद्र यांनी पुढे योगप्रसाराला वाहून घेतले. परंपरेबद्दल आस्था असलेला माणूस हिशेबाच्या आड आला नाही, ही मोलाची नोंद आहे.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा महाराष्ट्रात आजही सांगतात, आणि तिलाही याच ग्रंथाचा आधार जोडला जातो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन विमानांवर निबंध वाचला आणि देशभर वाद पेटला. दोन्ही बाजूंनी बरेच शब्द खर्च झाले. वृत्तपत्रांनी तेव्हा पुन्हा बंगळुरूचा तोच लेख बाहेर काढला, कारण वादाच्या मुळाशी असलेली आकडेमोड चार दशकांपूर्वीच करून ठेवलेली होती.